कणगीतली ऊब

आमच्या परसातली जमीन म्हणजे निव्वळ मुरूम. बारामतीत प्लॉट घेतला तेव्हा विकणाऱ्यानं वर चार बोटं काळी माती पसरून ठेवली होती. कालव्याचं पाणी नुसतं बघून ते कुठल्या फाट्यावरून आलंय हे सांगणारा, पाटबंधारे खात्यातला माझा नवरा त्या चार बोटांना भुलला. घर बांधून झाल्यावर यांनी दोन आंबे लावले आणि दोन्ही वाळले. दुसरा वाळला त्या दिवशी हे त्याच्या काडीकडं बघत म्हणाले, "तिसरा लावू तेव्हा आख्खा खड्डा खतानं भरू. आणि मी गेलो की मला नदीत सोडू नका. जन्मभर पाण्याच्या भांडणातच होतो. मला इथं आंब्याखाली घाला."

मी म्हटलं, "आधी आंबा तर जगू द्या, मग तुमचं बघू."

मी अशीच बोलते. जीभ चावायची सवय मला फार उशिरा लागली.

हे गेल्या वर्षी आषाढात गेले. सगळं कळसला, यांच्या गावी झालं. तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो तेव्हा दिरांनी ठरवूनच ठेवलं होतं. थोडी राख रानाच्या बांधावर जांभूळ लावून त्याच्या बुडात घालायची, बाकीची नीरा-नरसिंहपूरला संगमावर सोडायची. आंब्याचं मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्या दिवशी सुनेनं मधे बोलावं अशी आमच्यात रीत नाही. माझ्या थोरल्या नणंदेनं, आक्कांनी, तेवढं दिरांना बजावलं, "समदा सोडा बरं का त्येला. चिमूटभर जरी मागं ऱ्हायला तरी मानूस आडकतो. ना हितला, ना तितला."

पुरुषमंडळी खड्ड्याची खोली मोजत होती. मी ट्रॉलीपाशी गेले, राखेच्या मडक्यावरचं पांढरं फडकं बाजूला केलं आणि ओंजळभर राख डब्यात घातली. डबा मी घरून पिशवीतून मुद्दाम नेला होता. स्टीलचा, कडीचा. यांनी त्यातून तीस वर्षं कालव्यावर भाकरी नेली होती. मी तो परत पिशवीत ठेवला, कुणाला काही कळलं नाही.

राख घरात नेत नाहीत एवढं मलाही कळतं. मी डबा परसातल्या शेवग्याला तारेनं टांगला. वारा सुटला की तो बुंध्यावर आपटायचा, बसका, भरल्या भांड्याचा आवाज यायचा. मी स्वयंपाकघरातून म्हणायचे, "थांबा जरा. खड्डा व्हायचाय." सुरुवातीला आपली गंमत. पुढं पुढं त्या आवाजाला उत्तर दिल्याशिवाय मला पोळी लाटता येईना. दुपारी वारा पडला आणि आवाज आला नाही की मी दारात जाऊन डबा जागेवर आहे ना ते बघून यायचे. आक्कांचं ते "आडकतो" माझ्या डोक्यात बसलं होतं. यांना मी अडकवलंय, मीच सोडवायला हवं, आणि सोडवायचं तर आंबा जगला पाहिजे. तिसराही वाळला असता तर मी यांना कुठं ठेवलं असतं?

खड्डा भरायचा तर खत हवं. विकतचं एक पोतं आणून पाहिलं, त्यात निम्मा मुरूमच निघाला. आमच्याकडं मुरुमाला काय तोटा, मी शिव्या घालत ते कुंपणापाशी ओतलं आणि ठरवलं, खत घरीच करायचं. म्हणून मी खताचा डबा बघायला निघाले.

भिगवण रस्त्याला एक नर्सरी आहे. तिथल्या माणसानं मला हिरवा प्लॅस्टिकचा डबा दाखवला, खाली तोटी असलेला. किंमत ऐकून मी म्हटलं, एवढ्यात आंबे विकत घेऊन चार वर्षं खाईन. तो हसला. झाकण उघडून म्हणाला, "मावशी, पण काम बघा ना. ह्यात घातलेलं काही ओळखू येत नाही. सालं, शेण, हाडं, काय वाट्टेल ते. तीन महिन्यांत निव्वळ माती. कुणाची कोण, कळणारसुद्धा नाही." त्यानं ते सालांबद्दलच म्हटलं असणार. मी मात्र झाकणावरचा हात काढून घेतला.

मग त्यानं मातीचा प्रकार दाखवला, एकावर एक ठेवलेली तीन मडकी. स्वस्तही होता. मडक्यांच्या तोंडावर धूळ बसू नये म्हणून त्यानं पांढरं फडकं टाकलं होतं. फडक्याकडं बघितलं आणि पुढचं मला ऐकूच आलं नाही. मी तिथनं निघाले, रस्ता ओलांडून उसाच्या रसाच्या गाड्यावर बसले आणि दोन ग्लास रस प्याले. मला इतकी तहान कधी लागत नाही.

शेजारणीनं सांगितलं, भंगारवाल्याकडं निळी पिंपं मिळतात, भोकं पाडली की झालं. तिथं पन्नासेक पिंपं रांगेत उभी होती. आतून स्वच्छ आहे का बघायला मी एकात वाकले आणि विचारलं, "ह्यात काय होतं हो आधी?" भंगारवाला लांब होता, त्याला ऐकू गेलं नाही. पिंपानं मात्र माझाच प्रश्न मला परत विचारला, जाड्या, पुरुषी आवाजात. सगळ्या पिंपांचा आवाज असाच येतो, मला का माहीत नाही? पण मी पिंप घेतलं नाही. आतून औषधाचा वास येतोय असं भंगारवाल्याला सांगितलं, आणि वास खरंच येत होता.

शेवटी आक्कांचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यापाशी तक्रार केली. आक्का पोट धरून हसल्या. "खताला डबा इकत घेत्यात व्हय? माझ्याकडं कणगी पडलीया रिकामी. ज्वारी हाय कुठं आता तिच्यात भरायला. घिऊन येते."

आक्कांबद्दल सांगायला हवं. सत्तरी ओलांडलेली बाई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनचं नाव काढलं की "डाळिंब निघू दी" म्हणणार. या घरात पूर्वी मेंढरं होती. दसरा झाला की यांची आई कळपामागं कोकणात उतरायची, ती उन्हाळा सरेस्तोवर परतायची नाही. पाळण्यातल्या यांना सांभाळायच्या आक्का, बारा-तेरा वर्षांच्या. सासूबाई गेल्या तेव्हा हे रडले नव्हते असं सगळे सांगतात, पण आक्कांचं लग्न होऊन त्या सासरी निघाल्या तेव्हा यांनी बैलगाडीचं चाक धरून ठेवलं होतं. आक्का पाच वर्षांत विधवा होऊन परत आल्या, त्या कळसलाच राहिल्या. मेंढरं गेली, डाळिंबं आली, आक्का आहेत तिथंच.

कार्तिकात दिरांची डाळिंबाची पिकअप बारामतीला आली, तिच्यातून आक्का आल्या. पिकअप वळणावर आली तेव्हा मला लांबून वाटलं, मागं कुणीतरी गोधडी पांघरून उभं आहे. ती कणगी होती. निरगुडीच्या काड्यांची, शेणानं लिंपलेली, माझ्या छातीला लागेल एवढी. पिकअप मार्केटला गेली. ती दुसऱ्या दिवशी दुपारी आक्कांना घ्यायला येणार होती.

मी म्हटलं, "आक्का, ज्वारीच्या कणगीत कचरा घालायचा? बरं दिसतं का?"

"खताला कचरा म्हनू नगं. त्येच्यातनंच ज्वारी येती." त्यांनी विळ्यानं खालचं लिंपण खरवडून काड्या उघड्या केल्या, वारा आत जायला. हात नुसते चाचपत चालले होते, पण एक काडी मोडली नाही. मग म्हणाल्या, "लेंडीखत आनलंय पोतंभर. तुजा पाला, भाजीची सालं, वर लेंडी, वर राख. राख पायजेच. मग माशी धरत न्हाय, वासबी येत न्हाय. राख हाय का?"

"गॅसवर कुठली राख, आक्का. उद्या बँकेतून येताना बेकरीच्या भट्टीतली आणते."

त्या उठताना शेवग्याचा आधार घ्यायला गेल्या आणि त्यांचा हात डब्याला लागला. डबा हलला, बुंध्यावर आपटला. आक्कांनी तो चाचपला. "ह्यात काय गं?"

यांच्याबद्दल खोटं बोलायला माझी जीभ वळेना. मी म्हटलं, "राख हाय."

"बियाची?"

कळसला घरोघरी बियाणं राखेत ठेवतात, किडा लागत नाही म्हणून. ती राख जपून डब्यात, गाडग्यात, उंदीर पोचणार नाही अशी टांगलेली असते. आक्कांच्या मनात दुसरं काही येणं शक्यच नव्हतं. आणि मी त्यांना सांगणार तरी काय होते? की तुम्ही सगळा सोडा म्हणालात आणि मी तुमच्या भावाला सव्वा वर्ष झाडाला लटकवून ठेवलंय?

"हं," मी म्हटलं.

"ब्येस केलंस," आक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. यांची पेन्शन मला मिळते, तर मी जिवंत आहे हे दर वर्षी दाखवावं लागतं. यंत्रावर अंगठा ठेवला, उमटला नाही. तर्जनी ठेवली, तीही नाही. बँकेतला मुलगा सारखा म्हणत होता, "परत ठेवा, काकू." भांडी घासून घासून माझ्या बोटांच्या रेषा गेल्यात हे मला माहीत आहे, तरी दहाही बोटं झाली आणि यंत्राला मी जिवंत असल्याचं पटेना तेव्हा मी हळूच स्वतःची नाडी चाचपून पाहिली. मोठ्या साहेबांना गाठून कागदावर सही करेपर्यंत दोन वाजले. बेकरीतून राखेची पिशवी घेऊन धापा टाकत घरी पोचले तर पिकअप दारात उभी, आणि कणगी भरलेली, वर गोणपाट घातलेलं.

"झालं समदं," आक्का म्हणाल्या. "आता म्हैनाभर उघडू नगंस. मुरू दी."

एवढी राख वाहून आणली, तिचं काय, म्हणून मी चिडले. पिशवी भिंतीशी आपटली. दीर हॉर्न वाजवत होते. आक्कांनी माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवले आणि कानशिलावर बोटं मोडली. त्यांच्या पदराला काहीतरी बांधलेलं होतं, जड, मुठीएवढं. त्या गेल्यावर मी आरशात पाहिलं तर गालांवर राखाडी पट्टे उमटले होते. लेंडीची धूळ असेल असं म्हणत मी साबणानं तोंड धुतलं.

त्यानंतर डब्याचा आवाज बदलला.

पहिल्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी वारा होता. मी कणीक मळत होते आणि परसातून घंटेसारखं खणखणीत काहीतरी वाजलं. मी सवयीनं "थांबा जरा" म्हटलं. तो परत वाजला, जोरात. बसका आवाज गेला होता. रागावलेल्या माणसानं ताटावर वाटी आपटावी तसा तो यायला लागला, आणि माझी खात्री झाली की हे चिडलेत. सव्वा वर्ष थांबा थांबा म्हणतेय ही बाई. मी डब्याजवळ जाईना. उघडणं तर लांबच, आत ठेवल्या दिवसापासून मी तो उघडला नव्हता.

कणगीचंही काही खरं नव्हतं. थंडी पडली तशी सकाळी तिच्यातून वाफ निघायला लागली. गोणपाटाखालून संथ, नाकातून निघावी तशी. शेजारचं मांजर येऊन तिला पाठ लावून बसायचं. एकदा मी काड्यांना हात लावला तर त्या कोमट होत्या. लेंडीखत तापतं हे मला ठाऊक आहे, धनगराच्या घरात नांदलेय मी. पण सव्वा वर्षात माझ्या घरात माझ्याशिवाय काहीही ऊबदार नव्हतं. मी तिथं हात ठेवून उभी राहायला लागले. आधी चहा होईपर्यंत, मग चहा उकळून सांडेपर्यंत. रोज सकाळी गोणपाट बोटभर खाली गेलेलं असायचं, आत कुणी कूस बदलून नीट बसल्यासारखं. डब्याकडं पाठ आणि कणगीला हात, अशी मी उभी. का, ते मला तेव्हा कळलं नाही. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

तीन आठवड्यांनी एका दुपारी वारा अजिबात नसताना डबा वाजला. मी धावत बाहेर गेले. एक खार तारेवरून पळाली, एवढंच. पण डबा गप्प होईना म्हणून मी तो हातानं धरला, आणि तो हातात हलका आला.

कडी उघडली. आत काही नव्हतं. तळाशी राखाडी कड, आणि तिच्यात बोटांचे फराटे.

खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं ते असं की हे सुटले, मला न सांगता गेले. मग ते फराटे पुन्हा पाहिले. वाट पाहून पाहून शेवटी आक्कांनी बियाची राख घेतली होती. गालांवरचे पट्टे आठवले, साबण आठवला, आणि मी तिथंच खाली बसले.

मग उठले आणि गोणपाट फेकलं. दोन्ही हात कोपरापर्यंत कणगीत घातले. वरचा पाला ओला होता, त्याखाली ऊन लागायला लागलं, आणखी खाली ताप चढलेल्या अंगासारखं. वाफेनं चष्मा धुरकटला. मधे कुठंतरी राखेचा थर हाताला लागला, ओला, गुळगुळीत, लेंडीत आणि दोडक्याच्या सालींत निम्मा मिसळलेला. मी मूठ भरली आणि बाहेर काढली. मुठीत यांच्यातलं किती आणि भाजीतलं किती, ते मला वेगळं करता येईना. मी ती परत आत घातली आणि वर पाला ओढला, पांघरूण घालतात तसा. आंब्याच्या खड्ड्यात हेच खत जाणार होतं, म्हणजे यांना हवं तिथंच ते चालले होते. तरीही माझा संताप मावेना. ती ओंजळ माझी होती. ती माझ्या हातानं घालायची होती, काहीतरी बोलून घालायची होती. आणि पदराला बांधलेलं ते मुठीएवढं काय होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी कळसला गेले. वाटेत पुढच्या सीटच्या पाठीशी बोलत सगळं पाठ केलं. काय काय सुनवायचं ते. विचारल्याशिवाय हात कसा लावलात? तुमचं ते अडकणं नि सुटणं तुमच्याजवळ ठेवा. तुमच्या हातानं तुमच्याच भावाला लेंडीत घातलंत.

आक्का घरापुढं उन्हात बसल्या होत्या. पुढ्यात सूप, सुपात भोपळ्याच्या आणि घेवड्याच्या बिया, बाजूला उलगडलेली पुरचुंडी. पुरचुंडीतली राख त्या चिमटीनं घेत होत्या आणि एकेका बीला लावत होत्या, दोन्ही बाजूंनी, न्हाऊ घालण्याआधी पोराला तेल लावतात तशी. मी फाटकातच थांबले. त्यांनी मान वर केली. "कोन हाय?"

"मी, आक्का."

"तू व्हय! ये की. आगं, तुज्या डब्यातली राख घेतली मी त्या दिशी. तुला सांगायचं ऱ्हाऊनच गेलं, त्यो हॉर्न वाजवत हुता. निम्मी कणगीला लावली, निम्मी मी आनली. रागावलीस का काय?"

बोलायचं सगळं पाठ होतं.

"लई मऊ हाय गं," आक्का म्हणाल्या. चिमूट डोळ्यांजवळ नेली, त्यांना काही दिसत नव्हतं तरी. मग अंगठ्यानं ती तर्जनीवर हळूहळू चोळली. "बाभळीची न्हाय ही, लिंबाचीबी न्हाय. अशी राख मी कवा हातात धरली न्हाय बघ. हिला हात लावला की उठूच वाटंना मला. सकाळपास्नं हितंच बसलीया, बिया कवाच झाल्या असत्या." त्यांनी पुढची बी उचलली. "काल त्यो सपनात आला. ल्हान हुता, पाळण्यातला. कोकनातनं आय आली का, इचारत हुता."

माझ्या तोंडात आलेलं सगळं तिथंच राहिलं. ही बाई आयुष्यभर देवाचं आणि मेलेल्यांचं पाळत आलेली. तिला आत्ता सांगितलं तर ती हे हात कुठं ठेवील? कशानं धुवील? तिनं सगळ्यांसमोर सांगून सोडलेला भाऊ तिच्या बोटांवर आहे हे कळल्यावर ती पुन्हा भाकरी थापू शकेल का? रागाचं सगळं बळ मला गप्प बसायला वापरावं लागलं.

"कुनाच्या चुलीतली आनली व्हतीस गं?" आक्कांनी विचारलं.

"आपल्याच घरची हाय, आक्का."

"तरीच," त्या म्हणाल्या आणि सूप थोडं माझ्याकडं सरकवलं. "बस. तूबी लाव."

मी चपला काढल्या आणि त्यांच्याशेजारी बसले.